ताट की पाट?

नमस्कार श्रोतेहो. आज स्मृतिभ्रंशाबद्दल बोलायचं आहे, म्हणजे डिमेन्शियाबद्दल. तो टाळण्यासाठी काय करता येतं आणि त्यामागे पुरावा किती, हा विषय. पण सुरुवात मी माझ्या आत्यापासून करते, कारण या विषयावरचं संशोधन मी वाचायला लागले ते तिच्यामुळे.

आत्या कराडची. लग्नकार्यात शंभर पानांचा अंदाज तिला विचारून घ्यायचे, आणि भिशीचा हिशोब तर तिच्या जिभेवर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिचं बिनसायला लागलं. सून म्हणाली, ‘आई, ताट घ्या,’ तर आत्या पाट घेऊन आली. भजनाला सातला जमायचं ठरलं, ही आठला पोचली, दारात कुलूप बघून परत आली. मग भजनच सुटलं. चारचौघांत बसली की नुसती हसायची, मान डोलवायची. घरात सगळ्यांचं एकमत झालं की आत्याला विसरायला होतंय.

मी डॉक्टर, म्हणून मला बोलावलं. संध्याकाळी दिवाणखान्यात पंखा गरगरत होता, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. मी कागद-पेन घेऊन तिच्यासमोर बसले. तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. तिला एकच सांगता आला. मग म्हटलं, ‘आत्या, शंभरातून सात वजा कर, आणि तसंच पुढे करत जा.’ आत्या म्हणाली, ‘ब्याण्णव.’ मी काही बोलले नाही. ‘चौऱ्याऐंशी. शहात्तर. अडुसष्ट. साठ.’ मी आकडे लिहून घेतले आणि प्रत्येकापुढे फुली मारली. पाच फुल्या. रात्री जेवताना घास उतरेना. माझ्या वडिलांना पाढे शिकवलेली ही बाई.

सकाळी जाग आली ती रेडिओच्या आवाजाने. बातम्या चालल्या होत्या, इतक्या मोठ्यानं की खिडकीची काच थरथरत होती. बाहेर येऊन बघते तर आत्या रेडिओला उजवा कान टेकवून बसलेली, डोळे मिटून. मी मागून हाक मारली. एकदा, दोनदा. तिला पत्ताच नाही. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली.

मी आत जाऊन तो कागद काढला. ब्याण्णव, चौऱ्याऐंशी, शहात्तर, अडुसष्ट, साठ. श्रोतेहो, आत्याने आठ-आठ वजा केले होते. एकही चूक न करता. मी ‘सात’ म्हटलं होतं, तिला ‘आठ’ ऐकू गेलं होतं. मी मारलेल्या पाचही फुल्या चुकीच्या होत्या.

वय झालं की बारीक, चढ्या पट्टीचे आवाज आधी जातात. ‘आ’ ऐकू येतो, पण स, त, प, ट निसटतात. म्हणून ताट आणि पाट एकच. सात आणि आठ एकच. आणि ‘काय म्हणालीस?’ असं पुन्हा पुन्हा विचारायची माणसाला लाज वाटते, म्हणून माणूस हसून मान डोलवतो. ऐकू न येणं म्हणजे विसरणं नव्हे. पुन्हा सांगते, ऐकू न येणं म्हणजे विसरणं नव्हे. स्मरणशक्तीची तपासणी तोंडी होते. तेव्हा आधी कान तपासा, मग डोकं.

कान तपासले, यंत्र आलं. महिनाभर ते रुमालात गुंडाळून कपाटात. ‘भांडी डोक्यात आपटतात गं,’ म्हणायची. ते खरंच होतं. इतकी वर्षं शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाजाची पुन्हा सवय व्हायला आठवडे लागतात. रोज एक तास, मग दोन, असं करत जमलं. दिवाळीला मी पुन्हा विचारलं, शंभरातून सात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. ‘शेवटपर्यंत जाऊ का?’ म्हणाली.

आता पुरावा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा तज्ज्ञगट आहे. त्याने २०१७ साली बदलता येण्याजोगे ९ धोके सांगितले, २०२० साली १२, आणि २०२४ साली १४. बीपी, साखर, धूम्रपान, बैठं जगणं, एकटेपणा, हे तुम्हाला ठाऊकच आहेत. २०२४ साली भर पडली ती वाढलेल्या वाईट कोलेस्टेरॉलची आणि उपचार न केलेल्या अधू नजरेची. हे चौदाही धोके नाहीसे झाले, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण कमी होतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा अंदाज आहे. हा हिशोब अख्ख्या समाजाचा आहे. तुम्ही सगळं पाळलं म्हणजे तुमचा धोका ४५ टक्क्यांनी उतरला, असा अर्थ नाही. समाजाचा हिशोब, एका माणसाचा नव्हे.

चौदांत सर्वांत मोठा वाटा दोघांचा, प्रत्येकी ७ टक्के. एक कोलेस्टेरॉल, दुसरं कमी ऐकू येणं. त्याखालोखाल लहानपणचं अपुरं शिक्षण, ५ टक्के. सातवीतून मुलीची शाळा सोडवतात तेव्हा तिच्या सत्तरीतलंही काही काढून घेतात, हे मला दर वेळी बोलावंसं वाटतं. आणि वरातीतल्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे लहान पोरं खांद्यावर घेऊन नाचतात, त्यांचे कान कोण परत देणार?

यंत्र लावल्याने उपयोग होतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर ३ वर्षं चाचणी झाली, २०२३ साली निकाल आला. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात स्मरण आणि विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. घसरण मंदावली, एवढंच म्हणता येतं. आजार टळला, असं ती चाचणी सांगत नाही.

आत्यालाही त्र्याऐंशीच्या पुढे खरोखरच विसरायला व्हायला लागलं. मधली नऊ वर्षं ती भजनाला गेली, भिशी सांभाळली.

घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, दोनदा हाक मारावी लागत असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात घेऊन जा. कधी नुसता मळ निघतो. यंत्र लागलं, तर महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर ३,००० रुपये खात्यात जमा होतात. यंत्राची पूर्ण किंमत त्यात बहुधा भागत नाही, पण हातभार लागतो. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. सोबत जाल तेव्हा त्यांच्या समोर बसा, तोंड उजेडाकडे ठेवा, आणि पंखा बंद करा. नमस्कार.