गॅम्बल हाउस: वळचणीखाली उभे राहिलेले घर

(वडोदऱ्यातील श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आज ज्या गॅम्बल हाउस या घराविषयी मी बोलणार आहे, ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पॅसाडीना या गावी आहे. तरीही वडोदऱ्यातील मराठी मंडळींपुढे त्याची ओळख करून देताना मला ते परके वाटत नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेली बंगल्याची रचना आपल्याच देशातून तिकडे गेलेली आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आपण पाहिला असेल. त्याचा जीव चौकात आहे. रस्त्याकडे तो भिंत करतो आणि उजेड, वारा, बायकामुलांचा वावर, सारे काही आतल्या अंगाला ठेवतो. बंगल्याची मांडणी याच्या नेमकी उलट. तो मोकळ्या आवारात मधोमध उभा राहतो आणि चारी बाजूंना पडवी पसरून बाहेर पाहतो. बंगालमधल्या गवती, उतरत्या छपराच्या घरावरून कंपनीच्या गोऱ्या नोकरांनी हा नमुना उचलला, त्याला उंच जोते दिले, आणि मग छावण्यांमधून तो देशभर गेला. आपल्याकडे फतेगंजच्या बाजूला कॅम्पात तो आला तो याच वाटेने.

१८७० च्या आसपास जॉन टेलर या वास्तुकाराने इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर वेस्टगेट येथे असे बंगले बांधले. जवळच्याच बर्चिंग्टनमधील एका बंगल्यात रोझेटी हा कवी आणि चित्रकार १८८२ साली वारला. तिथून पुढे हा प्रकार अमेरिकेत गेला. तिथे त्याला ज्यांनी खरी उंची दिली, ते चार्ल्स आणि हेन्री ग्रीन हे दोघे भाऊ होत. शालेय वयात सेंट लुईस येथे त्यांचे हात सुतारकामावर बसले होते आणि वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी बोस्टनला घेतले होते. त्यांच्या कामात जपानी लाकडी बांधकामाची जाणही स्पष्ट दिसते. १९०३ साली त्यांनी आर्तुरो बॅन्डिनी यांच्यासाठी पॅसाडीनात एक बैठे घर बांधले. ते तीन बाजूंनी अंगणाला वेढणारे होते आणि अंगणाकडच्या अंगाला सलग पडवी होती. कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश घरांचा चौक आणि बंगल्याची पडवी तिथे एकत्र आली. ते घर आज उभे नाही, आणि वाड्यांच्या गावातला माणूस म्हणून मला त्याची विशेष हळहळ वाटते.

ग्रीन बंधूंचेच गॅम्बल हाउस त्यानंतरचे, १९०८-०९ मधले. प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्या कंपनीच्या घराण्यातील डेव्हिड आणि मेरी गॅम्बल यांना हिवाळ्यात राहण्यासाठी ते हवे होते. ते बैठे नाही, त्याला वर मजले आहेत. म्हणून त्याला बंगला म्हणावे का, असा प्रश्न काही अभ्यासक उपस्थित करतात. माझ्या मते म्हणावे, कारण ते ज्यावर उभे आहे ती गोष्ट बंगल्याचीच आहे: रुंद वळचण आणि तिच्याखालची अर्धी आत, अर्धी बाहेर अशी जागा. वरच्या मजल्यावरील निजण्याच्या खोल्यांना लागून उघड्या पडव्या आहेत, आणि त्या रात्री झोपण्यासाठीच बांधलेल्या आहेत. मोकळ्या हवेत निजल्याने प्रकृती सुधारते, असा त्या काळी डॉक्टरांचाही आग्रह असे. उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या टाकणाऱ्या आपल्या गावाला हे समजावून सांगायला नको.

वळचणीचे गणित थोडे सावकाश पाहू. पॅसाडीना सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य ७९ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबरात केवळ ३२ अंशांवर राहतो. त्यामुळे दक्षिणेकडे पुढे आलेले छप्पर उन्हाळ्यातले ऊन अडवते आणि हिवाळ्यातले खाली सरकलेले ऊन खोलीत येऊ देते. वडोदरा २२ अंशांच्या थोडे वर आहे. आपल्याकडे २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे गेलेला असतो, म्हणून उत्तरेची भिंतही उघडी टाकून चालत नाही. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तर वळचणीला दादच देत नाही. ते अडवायचे तर पडवी खोल हवी आणि तिच्या कडेला जाफरी किंवा वाळ्याचा पडदा हवा. आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी पडवी का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे पावसात. झड आत येऊ नये आणि तरी खिडक्या उघड्या ठेवता याव्यात, यासाठीच ती सारी सोय असे.

आता लाकूडकाम. गॅम्बल हाउसमध्ये वाशांची टोके छपराच्या कडेपलीकडे उघडी सोडलेली आहेत आणि प्रत्येक टोक गोलसर घासलेले आहे. आत दालनात बर्मी सागवान आहे. जिन्याच्या कठड्याच्या फळ्या एकमेकींत अशा गुंतवल्या आहेत की सांधा झाकण्याऐवजी तोच शोभेचा भाग झाला आहे. पीटर आणि जॉन हॉल या भावांच्या कारागिरीचे हे काम आहे. मात्र उघड्या टोकांची किंमतही मोजावी लागली. ऊन आणि पाणी थेट अंगावर घेणारे लाकूड आधी कुजते, आणि घराच्या बाह्यांगाचे मोठे जतनकाम २००३-०४ मध्ये करावे लागले. आपल्याकडच्या जुन्या सुतारांनी वाशांच्या टोकांवर कौले पुढे काढली आणि वर झालरीची फळी ठोकली ती याच भीतीने. या एका बाबतीत मी आपल्या सुतारांच्या बाजूने आहे.

हे घर वाचले कसे, तेही सांगितले पाहिजे. १९४६ पासून तिथे राहणाऱ्या, डेव्हिड आणि मेरी यांचे पुत्र सेसिल गॅम्बल आणि त्यांच्या पत्नी लुईस यांनी एकदा ते विकायचे मनावर घेतले होते. घर पाहायला आलेले लोक आतल्या सागवानाला पांढरा रंग देण्याविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांनी विक्रीचा विचारच सोडून दिला. १९६६ साली कुटुंबाने ते घर, त्यातल्या मूळ सामानासकट, पॅसाडीना शहराला दिले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वास्तुकला शाखेचे दोन विद्यार्थी दरवर्षी तिथे राहायला येत, अशी योजनाही झाली.

आपल्याकडे अलकापुरीतले बंगले फ्लॅटांना जागा देत गेले, आणि जे उरले त्यांच्या पडव्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून बंद झाल्या. जास्तीची खोली हवी असते, धूळ नको असते. कारणे खरी आहेत. परंतु पडवी बंद झाली की मागची खोली तापते, आणि मग त्या खोलीला यंत्र लावावे लागते. म्हणून सयाजीराव विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की दर्शनी बाजूची छायाचित्रे काढण्याआधी, उरलेल्या बंगल्यांच्या उघड्या पडव्यांची मापे घ्यावीत: पडवी किती खोल आहे ते, जोत्याची उंची, वळचण किती पुढे आली आहे ते, आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता आतल्या आणि बाहेरच्या भिंतीचे तापमान. ज्यांच्या घरी अशी पडवी आजही उघडी आहे, त्यांनी व्याख्यानानंतर कृपया मला भेटावे.