मॅटखाली काय आहे?

नमस्कार मंडळी. तुमच्या सचिवांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, हॉलमध्ये मॅट टाकायची आहे, त्यावर अर्धा तास बोला." मी म्हटलं, मॅटवर पाच मिनिटं बोलतो, उरलेला वेळ तिच्याखाली काय आहे त्यावर.

मी मातीतला खेळाडू. आमच्या वेळी कबड्डीचं मैदान म्हणजे माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. गुडघे-कोपरं सोलून निघायची, आई हळद भरायची, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. पण माती पायाला सोडायची. चढाईत झटकन वळलो की पाऊल दोन बोटं घसरायचं आणि मग रुतायचं. पुढे पहिल्यांदा बूट घालून मॅटवर उतरलो आणि त्याच सवयीने मध्यरेषेकडे वळलो. अंग वळलं, पाऊल जागच्या जागी. गुडघ्यातून जी कळ गेली ती आठवून आजही जिना जपून उतरतो. थोडक्यात वाचलो म्हणायचं.

मॅट वाईट असं मी म्हणत नाही. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. आज राज्य पातळीवर खेळायचं तर पोरांना मॅटची सवय हवीच. शिवाय पावसाळ्यात माती बंद. तेव्हा मॅट घ्या. फक्त विक्रेता नमुन्याचा तुकडा टेबलावर ठेवून अंगठ्याने दाबतो आणि "बघा किती सॉफ्ट" म्हणतो ना, तिथे फसू नका. अंगठ्याला वजन किती? उडीवरून खाली येणाऱ्या खेळाडूचा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. पातळ फोम तेवढ्या भाराखाली पार दबून जातो आणि पाय थेट काँक्रीटशी बोलतो. उलट फार जाड, लुसलुशीत मॅटवर पाऊल एका बाजूला बुडतं आणि घोटा मुरगळतो.

युरोपात ईएन 14904 नावाचं मानक आहे, घरातल्या खेळांच्या जमिनीसाठी. कडक काँक्रीट म्हणजे धक्का शोषण्यात शून्य असं धरायचं. जमिनीने किमान 25 टक्के धक्का खायला हवा, पण 75 टक्क्यांच्या वर नको. बास्केटबॉल काँक्रीटवर जितका उसळतो त्याच्या निदान 90 टक्के तरी उसळला पाहिजे. आणि घर्षण मोजायचा लोलक असतो, त्याचा आकडा 80 ते 110 मध्ये हवा. बघा, घर्षणाला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे! आपल्याकडे "ग्रिप चांगली आहे" म्हटलं की सगळे खूश. नॉर्वेत हँडबॉलपटूंचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. लाकडी जमिनीपेक्षा कृत्रिम जमिनीवर महिला खेळाडूंच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला. पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. कृत्रिम जमिनीची पकड साधारणपणे जास्त असते. तुमच्याकडे मुलींचा संघ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

बजेट असेल तर आधी लाकडी जमीन करा. खाली रबराचे पॅड, त्यावर लाकडी पट्ट्या, वर फळ्या. अशी जमीन पाय पडला तिथेच खचत नाही, आजूबाजूचा भाग घेऊन किंचित दबते आणि परत येते. तिच्यावर बॅडमिंटनची मॅट अंथरा, कबड्डीची अंथरा, नको तेव्हा गुंडाळा. भिंतीलगत फट मात्र सोडायला लावा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फट नसेल तर मधोमध उंटासारखी पाठ काढतं. आणि तिच्यावर बादली ओतून फिनेल मारणाऱ्याला हॉलची किल्ली देऊ नका.

लाकूड परवडत नसेल तर काँक्रीट सपाट करून घ्या आणि चांगली मॅट टाका. कबड्डीचे जोडायचे तुकडे महिन्याभरात सरकतात, सांध्यात करंगळी जाईल एवढी फट पडते. त्या फटीत पायाचं बोट अडकून नख उपटलेला पोरगा मी पाहिलाय. सरावाआधी एकाने गुडघ्यावर बसून सांधे तपासायचे, दोन मिनिटांचं काम. घामाचा थेंब पडला की लगेच कोरडं फडकं. बाहेरचे बूट बाहेर, कारण रेतीचा एक कण पुरे.

आता ओल. एका ठिकाणी, नाव घेत नाही, जानेवारीत थेट काँक्रीटवर बॅडमिंटनची मॅट चिकटवली. काम देखणं झालं, उद्घाटन झालं, फोटो झाले. ऑगस्टमध्ये मॅटखाली पुरीसारखे फुगे आले. जमिनीतली ओल वर येते, तिला वाट मिळाली नाही की ती गोंद सोडवते. मग त्या फुग्यांवर पाय देऊन स्मॅश मारायचा. दोष मॅटचा नव्हता, बिचारीला कुठे टाकली त्याचा होता.

ही ओल तपासायला यंत्र लागत नाही. हातभर चौकोनी जाड प्लास्टिक घ्यायचं, चारी कडा टेपने काँक्रीटला घट्ट चिकटवायच्या, रात्रभर सोडायचं. सकाळी आतून दंव धरलं असेल किंवा काँक्रीट काळवंडलं असेल, तर मॅटवाल्याला थांबवायचं आणि आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं.

काल संध्याकाळी पाऊस होता, ते बरंच झालं. सचिवांना सांगून मी तुमच्या हॉलच्या तीन कोपऱ्यांत असं प्लास्टिक लावून ठेवलंय. अजून मीही पाहिलेलं नाही. चहा नंतर घेऊ, आधी ते उचलून बघू या.