श्वसन म्हणजे नुसता श्वासोच्छ्वास नव्हे

नमस्कार, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. जीवशास्त्रातील मूलभूत संज्ञा समजावून सांगा, अशी मागणी तुमच्यापैकी अनेक जण सातत्याने करत आहेत. पेशी हे सजीवाच्या रचनेचे आणि कार्याचे एकक, एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती, निरनिराळ्या ऊती मिळून अवयव आणि अवयव मिळून संस्था, हे तुम्हांला पाठ असते. त्यावर मी थांबत नाही. आज मला बोलायचे आहे ते ‘श्वसन’ या एका शब्दाविषयी, कारण पाठांतर चोख असलेले विद्यार्थीही नेमके इथेच चुकतात.

शाळेत मी ‘श्वसन म्हणजे ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडणे’ असे लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. ते मिळाले नसते तर बरे झाले असते, कारण पुढे कित्येक वर्षे तो गैरसमज माझ्या मनात घट्ट बसून राहिला.

त्या उत्तरात वर्णन होते श्वासोच्छ्वासाचे. छाती फुगते, हवा आत येते, बाहेर जाते. ही झाली वायूंची ने-आण. पेशीश्वसन मात्र पेशीच्या आत घडते. ग्लुकोजचे विघटन पेशीद्रव्यात सुरू होते, पुढचे टप्पे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतील ऊर्जा तयार करणारे अंगक) पार पडतात आणि मुक्त झालेल्या ऊर्जेचा काही भाग एटीपी या पेशीला लगेच वापरता येणाऱ्या ऊर्जावाहक रेणूच्या रूपात साठवला जातो, तर उरलेला उष्णता म्हणून बाहेर पडतो. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तर उच्छ्वासात सुमारे १६ टक्के. मधला ऑक्सिजन पेशींमध्ये खर्ची पडलेला असतो.

‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात’ हे वाक्य मला तुमच्या प्रतिक्रियांमध्ये वारंवार वाचावे लागते आणि दर वेळी वाईट वाटते. वनस्पतीला फुप्फुसे नाहीत, तरीही तिच्या जिवंत पेशी चोवीस तास श्वसन करतात. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग अधिक असल्यामुळे श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातच वापरला जातो, एवढेच.

किण्व (यीस्ट) तर ऑक्सिजनशिवायही ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवते. आणि आपल्या पक्व लोहित रक्तपेशी पाहा: शरीरभर ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या या पेशींमध्ये तंतुकणिकाच नसतात, त्यामुळे वाहिलेल्या ऑक्सिजनचा उपयोग त्या स्वतःच्या ऊर्जेसाठी करत नाहीत.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर मोड आलेले वाटाणे एका थर्मास फ्लास्कमध्ये आणि उकळून गार केलेले वाटाणे दुसऱ्यात ठेवा, प्रत्येकात तापमापी घाला आणि तोंडे कापसाने बंद करा. दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या वाटाण्यांचे तापमान चढलेले दिसेल. त्यांच्याजवळची हवा चुन्याच्या निवळीतून सोडली, तर तिच्यातील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. उकळलेले वाटाणे मात्र आधी जंतुनाशकाने धुवायला विसरू नका. नाहीतर त्यांच्यावर वाढलेले जिवाणू श्वसन करू लागतील आणि तो फ्लास्कही गरम होईल.