मारुतीच्या कुठपर्यंत?

गंगेला पाणी आलं, की नाशिकमध्ये पहिला प्रश्न एकच. ‘मारुतीच्या कुठपर्यंत?’

गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, ते बातम्यांत येतं. पण आमचं खरं माप गोदाघाटावर उभं आहे: दुतोंड्या मारुती. गुडघ्याला पाणी म्हणजे जाऊन बघून यायचं. छातीला लागलं, की सराफ बाजारात दुकानं आवरायची घाई सुरू.

हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. म्हणूनच कुणी लिहायच्या भानगडीत पडत नाही.

या काकू पडल्या. बँकेतून निवृत्त. रात्री ओटा पुसून झाला, की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडतात आणि मराठी विकिपीडियावर बसतात. हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि तो लिहिणारे असेच. मानधन नाही. लेखाच्या माथ्यावर नावही नाही. ते लेखामागच्या ‘इतिहास’ पानावर, शोधणाऱ्यालाच सापडणार. बाकी तिथली बोली मात्र घरची. सरावाला धूळपाटी, गप्पांना चावडी, आणि आपोआप कामं उरकणारा प्रोग्राम म्हणजे सांगकाम्या!

काकूंचं पहिलंच वाक्य होतं, ‘गंगेच्या काठी दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे.’

दुसऱ्या दिवशी चर्चा पानावर कुणीतरी विचारलं, ‘नाशिकमध्ये गंगा कुठून आली?’

काकू चिडल्या. अहो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो! ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं, तर घरातलं कुणी उत्तरेचं तिकीट काढत नाही. पण विचारणारा असेल लातूरचा, नाहीतर बेळगावचा. त्याला कसं कळावं? काकूंनी ‘गोदावरीच्या काठी’ केलं आणि खाली एक ओळ जोडली: स्थानिक लोक नदीला गंगा म्हणतात.

त्या ओळीला शेपूट चिकटलं, ‘संदर्भ हवा’.

“साठ वर्षं मीच म्हणतेय, तो संदर्भ नाही का?”

नाही. छापलेलं, दुसऱ्याला उघडून ताडून पाहता येईल असं हवं. मला हे थोडं अन्यायाचंच वाटतं. आज्यांनी ओसरीवर सांगितलेलं छापलंय कुणी? पण ही चाळणी काढली, तर उद्या पांडवलेणी पांडवांनीच कोरली असंही कुणी ठोकून देईल. त्रिरश्मी डोंगरातली ती २४ लेणी बौद्ध आहेत, आणि तिसऱ्या लेण्यात सातवाहनांच्या गौतमी बलश्रीचा लेख आजही भिंतीवर आहे.

तेव्हा काकू निघाल्या सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालची संस्था. चष्मा कपाळावर, बोट ओळीवर. तिसऱ्या दिवशी, चौथ्या पुस्तकात ती ओळ मिळाली. लेखक, प्रकाशक, साल, पान क्रमांक, सगळं वाणसामानाच्या यादीमागे उतरवलं. उतारा मात्र उतरवून घेतला नाही. त्याआधी एकदा पुस्तकातला अख्खा परिच्छेद जसाच्या तसा टंकून ठेवला होता. तो प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, कारणाने उडाला. माहिती घ्यायची, शब्द आपले घालायचे, हे तेव्हा कळलं.

मग आला पूर. होळकर पुलावर बघ्यांची ही गर्दी, पोलीस शिट्ट्या फुंकतायत, आणि काकू एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मोबाईल. फोटो रात्रीच विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या कोठारात चढला, मुक्त परवान्याखाली.

भाचा म्हणाला, “मावशी, म्हणजे उद्या कुणीही हा कॅलेंडरवर छापून विकेल?”

“विकू दे की. खाली माझं नाव घातलं म्हणजे झालं.”

फोटोखाली काकूंनी तारीख टाकली आणि लिहिलं: ‘पुराचं पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत.’

सकाळी चहाबरोबर नवा निरोप. ‘कमरेपर्यंत म्हणजे किती फूट? मूर्तीची उंची द्यावी. संदर्भासह.’

काकूंनी कप खाली ठेवला. खुंटीवरची पिशवी काढली, वही टाकली.

“अरे, वाचनालय किती वाजता उघडतं रे?”