बाभळीचं बेचकं आणि 16 टनांचा जोर

श्रोतेहो, नमस्कार.

बाभळीचं बेचकं ज्यानं कुऱ्हाडीनं फोडलंय, त्याला मी काय सांगणार आहे ते अर्धं आधीच कळलेलं असेल. सरळ ओंडका चार घावांत उकलतो. पण जिथं फांदी फुटलेली असते तिथं लाकडाचे धागे एकमेकांत विणलेले असतात. घाव बसतो, पातं अडकतं आणि मग कुऱ्हाडीसकट ओंडका उचलून आपटत बसावं लागतं. आमच्या वखारीत एक वयस्कर गडी होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पोलादी पाचर आणि आठ किलोचा घण घेऊन ते असली बेचकी फोडायचे. खांद्यानं साथ सोडल्यावर ते थांबले आणि त्या जागी दुसरा माणूस मिळेना. तेव्हा आम्ही हायड्रॉलिक मशीनचा, म्हणजे तेलाच्या दाबानं पाचर आणि ओंडका एकमेकांवर रेटून लाकूड फोडणाऱ्या मशीनचा, विचार सुरू केला. ते घेताना जे शिकलो, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

लाकूड फोडायचं ते वाळण्यासाठी. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं आणि साल ते पाणी आत धरून ठेवते. एक किलो पाण्याची वाफ करायला 600 किलोकॅलरीच्या घरात उष्णता लागते. ती भट्टीला मिळत नाही, धुरासोबत निघून जाते. आपल्या कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर लाकूड वाळायचं नाव नको. म्हणून फोडणी फेब्रुवारी-मार्चात उरकून, मे अखेरपर्यंत ऊन देऊन, जूनच्या आत माल पत्र्याखाली घ्यावा लागतो. सगळं काम दोन-अडीच महिन्यांत कोंबलेलं असतं. मशीन लागतं ते या घाईसाठी.

ज्यांच्या घरी फक्त अंघोळीचा बंब पेटतो, त्यांनी यात पैसे घालू नयेत. एक चांगली कुऱ्हाड आणि दोन पाचरी पुरतात. आठवड्याला टेम्पोभर लाकूड लागणाऱ्या खानावळीनंही फोडलेलं विकत घ्यावं. गुऱ्हाळवाल्यांचं तर चिपाडावर भागतं. मशीन वखारवाल्यांनी घ्यावं, नाहीतर बेकरीवाल्यांनी आणि मंगल कार्यालयाच्या मोठ्या चुली चालवणाऱ्यांनी.

दुकानात गेलात की पहिला आकडा कानावर पडतो तो टनांचा. कुणी दहा सांगेल, कुणी वीस, कुणी तीस. तो आकडा तसाच घेऊ नका. विचारा, सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, किती आणि पंपाचा दाब किती? मग हिशेब आपला आपल्याला करता येतो. 100 मिलिमीटर बोअर, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत चार इंची. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ होतं साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दाब 200 बार असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 204 किलोचा जोर. गुणाकार केला की 16 टन येतात. तेवढ्याच दाबावर 80 मिलिमीटरचा सिलेंडर दहा टनांवर थांबतो आणि 125 चा पंचवीसला जातो. चार इंची बोअर आणि 200 बार सांगून कुणी तीस टन म्हणत असेल, तर तो आकडा नुसता स्टिकरवरचा आहे.

सरळ वाढलेल्या निलगिरीला आणि आंब्याला दहा टन पुरतात. बाभूळ आणि चिंच असेल तर सोळाच्या खाली जाऊ नका. चिंचेचा बुंधा फारच चिवट. एका दाबात चार फाकी करणारी चौधारी पाचर दुकानदार आग्रहानं दाखवतात. सरळ धाग्याच्या लाकडाला ती छान आहे, पण तिला जोर बराच जास्त लागतो. गाठीच्या मालाला साधी एकधारी पाचरच बरी. अदलाबदल करता येणारी मिळाली तर उत्तम.

आता वेग. चार इंची सिलेंडरचा दांडा अर्धा मीटर पुढं जायला जवळजवळ चार लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर बारा सेकंद. पण 200 बार दाबावर 20 लिटर द्यायचे तर दहा एचपीची मोटर हवी. पाच एचपीवर जेमतेम नऊ लिटर मिळतात आणि एकेका ओंडक्याला पंचवीस-सव्वीस सेकंद उभं राहावं लागतं. यावर तोड म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. दांडा मोकळा सरकत असतो तोवर हा पंप कमी दाबानं भरपूर तेल देतो. पाचर लाकडाला भिडून दाब चढला की तेल कमी होतं आणि पूर्ण जोर लागतो. तडा गेला की दाब उतरतो आणि पुन्हा वेग येतो. खरा जोर सुरुवातीच्या त्या तड्यापुरताच लागतो, म्हणून पाच एचपीत काम भागतं. माझ्या मते, दोन टप्प्यांच्या पंपासाठी चार पैसे जास्त गेले तरी द्यावेत.

विजेचं आधी बघा. पाच एचपीला सहसा थ्री फेज लागते, आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर वखारीचं मशीन चालवता येत नाही, त्याला वेगळं कनेक्शन घ्यावं लागतं. शिवारातच फोडणी असेल तर ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारं मशीन सोयीचं.

आपल्याकडं कारखान्यांचं उद्यमनगर आहे, शिरोलीची औद्योगिक वसाहत आहे. चांगला कारागीर नकाशावरून असं मशीन बांधून देतो आणि तेल अडवणारं सील फुटलं तर दोन तासांत बदलूनही देतो. बाहेरून आणलेल्या मशीनला ही सोय नाही. म्हणून मी इथंच बांधून घ्या म्हणेन. फक्त एक चूक टाळा. उसाच्या ट्रॉलीचा जुना जॅक स्वस्तात मिळतो आणि तोच बसवू म्हणून कुणीतरी सुचवतंच. तो जॅक एकाच बाजूनं तेल घेतो आणि ट्रॉलीच्या वजनानं खाली येतो. लाकडाच्या मशीनवर त्याला मागं ढकलायला कुणी नसतं. इथं दोन्ही बाजूंनी तेल घेणारा सिलेंडरच हवा. जुन्या खोदाई मशीनचा चालेल, पण त्याच्या दांड्यावरून नख फिरवून बघा. नख खड्ड्यात अडकलं तर तो दांडा नवं सीलही महिन्यात खाणार. तेलाची टाकी पंपाच्या मिनिटाच्या तेलाच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. टाकी लहान असली की एप्रिलच्या दुपारी तेल तापून पातळ होतं आणि सकाळी फुटणारा ओंडका दुपारी फुटत नाही. मग कुणीतरी पाना घेऊन रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, आवळतो. तसं कधीही करू देऊ नका. तो व्हॉल्व्ह आहे म्हणून होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटत नाही आणि वेल्ड उकलत नाही. दाबाचं गेज मात्र नक्की बसवून घ्या.

आता जे सांगायचं ते सांगताना अजूनही जड जातं. आमच्या पहिल्या मशीनला एकच लिव्हर होती. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून पोरांनी ती तारेनं बांधली होती. ती तार मी पाहिली होती आणि काही बोललो नव्हतो. एकजण ओंडका धरून होता, दुसऱ्यानं मशीन चालू केलं. धरणाऱ्याच्या दोन बोटांची पेरं गेली. दांडा सेकंदाला चार सेंटिमीटरच सरकतो, इतका संथ की हात काढून घेऊ असं प्रत्येकाला वाटतं. त्या संथपणानंच माणूस फसतो. म्हणून दोन लिव्हरचं मशीन घ्या, दोन्ही हात गुंतल्याशिवाय न चालणारं, आणि कुठलाही एक हात सुटला की जागीच थांबणारं. आणि मशीनपाशी माणूस एकच. दुसऱ्यानं ओंडके आणून द्यावेत आणि लांब उभं राहावं. फिरत्या शंकूचं, स्क्रूसारखं मशीन स्वस्त मिळतं, पण त्यात ओंडकाच गरगरतो आणि शर्टाची बाही ओढली जाते. ते मी कुणालाही सुचवणार नाही.

होजमधून तेल गळतंय असं वाटलं तर हात फिरवून बघू नका. सुईएवढ्या छिद्रातून 200 बारचं तेल कातडीत शिरतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. मशीन बंद करा, दाब उतरवा, पुठ्ठा धरून गळती शोधा. आणि तेल शिरलंच, तर घरी न जाता थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दाबाचं तेल शिरलंय.

मशीन तयार झाल्याचा फोन आला की हात हलवत जाऊ नका. वखारीतलं सगळ्यात वाईट बेचकं टेम्पोत टाका, दोन्ही टोकं करवतीनं सरळ कापून. तिरक्या कापाचा ओंडका बाजूला उसळतो. ते तुमच्यासमोर फोडायला सांगा. गेजवर काटा कुठं जातो ते बघा, आणि दांडा अर्ध्यावर असताना एक हात सोडायला लावा. दांडा तिथंच थांबला, तर उरलेले पैसे द्या.

नमस्कार.