जाळीत आलेला कचरा

(ठाण्यात नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिकांसमोर एका निवृत्त कॅथलॅब टेक्निशियनने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, टेक्निशियन म्हणून माझी नोकरी झाली. डॉक्टर मागतील ती वायर, तो फुगा, तो स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) सलाइनने धुऊन, आतली हवा काढून त्यांच्या हातात द्यायचा. त्यामुळे कुठली गोळी बंद करू, असं मला विचारू नका. पण रक्तवाहिनीतून काढलेली जाळी ट्रेमध्ये उलटी करून तिच्यात काय आलंय ते बघणं हा माझ्या कामाचा भाग होता. त्यावर बोलायला मला संकोच नाही.

आंद्रियास ग्रुंटझिग यांनी 1977 साली झ्युरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हापासून एक शंका मागे लागलेली आहे. फुगा अडथळा काढून टाकत नाही, तो अडथळ्याला भिंतीकडे दाबतो. दाबताना चरबीचे, चुन्याचे, गुठळीचे कण सुटतात आणि रक्ताबरोबर पुढे जातात. पायात गेले तर थोडं निभावतं. मानेतल्या कॅरोटिड धमनीतून सुटले की थेट मेंदूत. वाहिनी मोकळी करायला टेबलावर घेतलेला माणूस अर्धांग होऊन खाली उतरायचा, ही भीती खरी होती.

त्यावर उपाय म्हणून जाळी आली. वायरच्या टोकाशी मिटलेली असते, अडथळ्याच्या पलीकडे नेली की छत्रीसारखी उघडते. भोकं साधारण शंभर मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असल्यामुळे रक्त आरामात जातं, मोठे कण अडकतात. स्टेंट बसला की जाळी मिटवून बाहेर.

ऐकायला सोपं वाटतं, पण गोची इथेच आहे. जाळी पलीकडे न्यायची तर ती त्याच अरुंद, ठिसूळ जागेतून न्यावी लागते. म्हणजे जाळी उघडण्याआधीच काही कण सुटू शकतात. म्हणून काही उपकरणं उलट बाजूने विचार करतात: अडथळ्याच्या अलीकडेच फुगा फुगवून प्रवाह थांबवतात किंवा उलटा फिरवतात, आणि रक्त कणांसकट बाहेर खेचतात. दुसरी अडचण जाळी काठोकाठ भरण्याची. मग रक्त पुढे जात नाही आणि पडद्यावर चित्र असं दिसतं की वाहिनीच बंद पडली. अशा वेळी घाईने जाळी मिटवली तर आतला माल पुन्हा सांडतो. आधी नळीने शोषून घ्यायचं, मग मिटवायचं. घाई करणाऱ्या डॉक्टरांना हे हळूच सुचवणं, हाही टेक्निशियनच्या कामाचाच भाग म्हणा!

आता मुद्द्याचं. जाळीत कचरा दिसला की सगळे खूश होतात. नातेवाइकांना दाखवतात, ‘हे बघा, हे मेंदूत गेलं असतं.’ नातेवाईक हात जोडतात. मला मात्र ही पद्धत कधी रुचली नाही. कचरा सापडला हे खरं, पण त्यामुळे रुग्ण वाचला का, हे त्या ट्रेमध्ये दिसत नाही. ते कळायला दोन गट करावे लागतात, एकाला जाळी, एकाला नाही, आणि पुढे कोणाचं काय झालं ते मोजावं लागतं.

मोजलं तेव्हा काय दिसलं? तुमच्यातल्या बायपास झालेल्यांनी नीट ऐका. बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयावर लावतात. वर्षं गेली की तिच्यात मऊ, भुसभुशीत थर साचतो. अशा शिरेत स्टेंट टाकताना काय होतं, यावर 2002 साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात जाळी नव्हती, पुढचा प्रवाह फुग्याने अडवून कचरा शोषून घेत होते. तीस दिवसांत मृत्यू, हार्ट अटॅक यांसारख्या गंभीर घटना 16.5 टक्क्यांवरून 9.6 वर आल्या. पुढे मोठ्या नोंदींमधून फायदा इतका ठळक राहिला नाही, तरी तर्क पटतो: वाट एकच, कचरा भरपूर.

आता टावी घ्या. छाती न उघडता मांडीतून महाधमनीची झडप बसवतात; 2002 साली फ्रान्समध्ये अलँ क्रिबिए यांनी पहिली बसवली. इथे उजव्या मनगटातून दोन फिल्टर मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांत ठेवायची सोय आहे. एका चाचणीत 99 टक्के रुग्णांच्या फिल्टरमध्ये कचरा मिळाला. नव्व्याण्णव! एवढं ऐकून कोण नाही म्हणेल? पण 2022 साली 3000 रुग्णांवर मोजलं तेव्हा स्ट्रोक फिल्टरशिवाय 2.9 टक्के, फिल्टरसह 2.3 टक्के, फरक योगायोगाचाही असू शकेल इतकाच. अपंगत्व आणणारे स्ट्रोक कमी दिसले म्हणून आशा राहिली. मग 2025 साली ब्रिटनमधून 7635 रुग्णांचा निकाल आला: फिल्टरसह 2.1, फिल्टरशिवाय 2.2 टक्के. जवळजवळ सारखंच. कारणं शोधायला लांब जायला नको. डाव्या बाजूने मानेच्या मागून मेंदूत जाणारी वाहिनी या फिल्टरांच्या बाहेर राहते, बारीक कण भोकांतून निसटतात, आणि काही स्ट्रोक जाळी काढल्यानंतर होतात.

शिरेतल्या फिल्टरची कथाही हेच सांगते. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत तो ठेवतात. 1973 चा ग्रीनफिल्ड फिल्टर सर्जन लाझर ग्रीनफिल्ड आणि तेलक्षेत्रातले इंजिनिअर गार्मन किमेल यांनी केला. तेलाच्या पाइपातला गाळ अडवणाऱ्या शंकूवरून. शंकूचं गणित सुंदर आहे: टोकाकडून 70 टक्के उंची भरली तरी वाट 49 टक्केच अडते. तरीही 1998 साली फ्रान्समध्ये 400 रुग्णांवर बघितलं तेव्हा फिल्टर बसवलेल्यांत सुरुवातीला फुप्फुसातल्या गुठळ्या कमी, दोन वर्षांत पायातल्या गुठळ्या जास्त, आणि मृत्यूंत फरक नाही.

पुढच्या रांगेतल्या ताईंची चिठ्ठी आली आहे: ‘वडिलांच्या पोटात फिल्टर बसवून वर्ष झालं, काढायचा का?’ ताई, काढायचा का ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायला उशीर करू नका. औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या हिशेबाने, गुठळीचा धोका टळला असेल तर बसवल्यापासून 29 ते 54 दिवसांच्या दरम्यान काढणं फायद्याचं. दिवस गेले की फिल्टरचे पाय शिरेच्या भिंतीत रुततात, काढणं अवघड होतं. अशक्य होतंच असं नाही. डिस्चार्ज कार्ड बघा, काढता येण्याजोगा की कायमचा ते लिहिलंय का. नसेल तर जिथे बसवला तिथल्या कॅथलॅबमध्ये जा आणि वापरलेल्या उपकरणाचा स्टिकर मागा. वडिलांच्या नोंदीत तो चिकटवलेला असतो, त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर छापलेला असतो. त्याचा फोटो काढून घ्या.