वरचा ओत्तु, खालची वेलांटी

नमस्कार. पहिल्या दोन रांगांत शाळेची मुलं बसलीत, मागे त्यांचे आईबाबा. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लहानपणीची चित्रकला ते ग्राफिक डिझाइन’. म्हणजे मुलांना चित्रांबद्दल ऐकायचंय आणि मागच्यांना पगाराबद्दल. दोन्हीकडे येते. आधी एका पाटीबद्दल बोलू द्या, ती माझ्या मनातून कधी उतरलीच नाही.

मी निपाणीची. कर्नाटकाच्या सीमाभागातलं तंबाखूचं गाव. पानपट्टीपुढं पडलेली बिडीबंडलांची वेष्टणं मी गोळा करायचे आणि वहीत उतरवून काढायचे. मैत्रिणी मधलं चित्र काढायच्या, मी कडेची अक्षरं. घरात म्हणायचे, पोरीचा हात चांगलाय. आपल्याकडे एकदा हात चांगलाय असं ठरलं की गणपती मंडळाचा फळा, शाळेतला सुविचार, लग्नघरातलं ‘सुस्वागतम्’, सगळं त्या पोरावर येऊन पडतं. चहावर! (हशा) पण त्या चहावरच्या कामांनीच माझा हात वळला, हे मी मनापासून सांगते.

आमच्या गल्लीत एक पेंटर होते. आम्ही पेंटरमामा म्हणायचो. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या शेडमध्ये बसून असायचे. एकदा पिठाच्या गिरणीची पाटी आली. वर कन्नड, खाली मराठी, आणि गावाचं नाव दोन्हींत. मामांनी निळीत भिजवलेला दोरा पत्र्यावर ताणला, मधे चिमटीत धरून सोडला. टप्पकन निळी रेघ उठली. दुसरी रेघ मारायच्या आधी थांबले आणि मला म्हणाले, “बाळ, दोन वळींत जागा किती सोडू?” मी म्हटलं, चार बोटं. “बरं, खडूनं लिहून बघ.”

लिहिलं आणि अडकले. मराठीत आपण ‘निपाणी’ लिहितो, कन्नडमध्ये ते ‘निप्पाणी’ होतं. तिथं दुसरा ‘प’ पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतो. त्याला ओत्तु म्हणतात, तुमच्यातली निम्मी मुलं शाळेत रोज लिहीत असतील. आपली वेलांटी मात्र शिरोरेघेच्या वर चढते. म्हणजे वरच्या ओळीतून ओत्तु खाली उतरतोय, खालच्या ओळीतून वेलांटी वर येतेय, आणि माझ्या चार बोटांत दोघांची टक्कर. मामांनी ओल्या फडक्यानं खडू पुसला, बोटं पुन्हा टेकवली, सहा मोजली आणि दोरा मारला. एक शब्द बोलले नाहीत.

माझं म्हणणं आहे ते हेच. सीमाभागातल्या पोराला डिझाइनचा पहिला धडा रस्त्यावर मिळतो. एसटी स्टँडवर, औषधाच्या दुकानावर, दोन लिप्या रोज शेजारीशेजारी. कन्नड गोल, मराठी शिरोरेघेला टांगलेली. ज्यानं एकच लिपी पाहिलीय तो दोन्हींना सारखं अंतर देतो आणि कुठं बिघडलं ते त्याला दिसत नाही. आपल्याला दिसतं.

दिसतं म्हणून सोसावंही लागतं. बेळगावात माझी पहिली नोकरी एका छापखान्यात होती. नाव घेत नाही. दवाखान्याच्या उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका होती. मालकांनी इंग्रजी नमुना पुढं ठेवला. त्यात अक्षरं लांबलांब पसरलेली, छान दिसत होती. म्हणाले, मराठीतही असंच कर. मी सांगितलं, काका, इंग्रजीतली मोठी अक्षरं सुटी उभी असतात, आपली शिरोरेघेनं एकत्र बांधलेली. मधली जागा ताणली की रेघच तुटते. ते म्हणाले, “गिऱ्हाईक एवढं बघत नाही.” हजार पत्रिका छापल्या. डॉक्टरांच्या आजी आल्या होत्या, त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, शब्दावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “हे मधे मधे फाटलंय काय?” पुन्हा छपाई झाली आणि खर्च माझ्या पगारातून कापला. पैशांचं दुःख कधीच विरलं. राग अजून आहे तो एका गोष्टीचा. सत्तरीच्या आजींना अंगठ्यानं जे कळलं ते धंद्यात मुरलेल्या माणसानं ऐकून घेतलं नाही.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. करिअरचं भराभर सांगते.

मुलांनो, कर्नाटकातल्या ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर परीक्षा द्या, महाराष्ट्रात त्याच वाटेवर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट असतात. पुढं उपयोजित कलेची पदवी किंवा डिझाइनची. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, बारावीवर देता येते. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तरतूद असते, पालकांनी फॉर्म भरण्याआधी ते पान वाचावं.

इथून कुठं पोचता येतं? चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले, इथल्याच चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले, मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात गेले, नैरोबीतही काम केलं. अक्षरांत रमायचं असेल तर अक्षररचनाकार र. कृ. जोशींचं काम बघा. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. ‘बलू’ या फॉन्टकुटुंबात देवनागरी आणि कन्नड, दोन्ही भावंडं आहेत, ती शेजारी ठेवून बघा.

पगार राहिला. काम आहे: कुंद्याचे खोके, करदंटाची पाकिटं, औषधांची वेष्टणं, मोबाइलचे पडदे. आणि पाट्या. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायदादुरुस्तीनं पाटीवर ६० टक्के कन्नड आलं, तेही वरच्या भागात. त्यावर आपली मतं आहेत, माझंही आहे. पण उरलेल्या जागेत मराठी ठसठशीत वाचता येईल अशी बसवायची कुणी? ते काम तुमचं आहे, आणि त्याचे पैसे मागा. चहावर करू नका.

गिरणी अजून चालू आहे. मामांची पाटी गेली, फ्लेक्स लागलाय. त्यावर ओत्तु वेलांटीला चिकटलाय. फोटो मोबाइलमध्ये आहे, मुलांनो, आभार झाले की पुढं या, दाखवते.